हेदरशॉत चहासाठी हॉर्न वाजवू नये

मला जायचंच नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी नाकं मुरडली तर कारण ठाऊक असेल. साल २००९. दुबईत क्रेन जिथल्या तिथे थांबल्या होत्या आणि अभयच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट गुंडाळायचं ठरवलं होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की चंबूगबाळं आवरावं लागतं. तेवढ्यात त्याच्या जुन्या साहेबाने इंग्लंडात, लीड्सजवळच्या ऑफिसात जागा देऊ केली. आता एक तर तिकडे, नाहीतर पुण्याला परत. मी पुण्याच्या बाजूने.

"ईदची सुट्टी आहे, राहायची जागा तरी बघून येऊ," अभय म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर खलास. विषय बंद."

मी मनात 'नाही' पक्कं करूनच बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी माहिती: दुबईहून मँचेस्टरला थेट विमान आहे. विमानतळावरच गाडी भाड्याने घ्या, आपलं दुबईचं लायसन्स चालतं. तिथून लीड्सच्या बाजूला पोचायला साधारण तास लागतो, पण आम्हाला दोन लागले. अभय गाडी शिकला पुण्यात, डावीकडून. नंतर अकरा वर्षं चालवली दुबईत, उजवीकडून. पहिल्याच राउंडअबाउटला त्याच्या डोक्यातली दोन्ही शहरं भांडायला लागली आणि आम्ही मारुतीला घालतात तशा प्रदक्षिणा घालत राहिलो. मागून आमची बारा वर्षांची लेक रुचा म्हणाली, "डॅड, जस्ट पिक एनी एक्झिट!" त्याने पिकवला. त्यामुळे आम्ही एका मेंढ्यांच्या कुरणाचंही दर्शन घेतलं. छान होत्या मेंढ्या.

हेदरशॉ हे लीड्सचं उपनगर आहे. हे वाक्य तिथे कुणासमोर उच्चारू नका. मी उच्चारलं, गेस्ट हाउसच्या मालकिणीसमोर. तिने रजिस्टरवरून मान वर केली आणि अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "लीड्स तिकडे, टेकडीपलीकडे. हे गाव आहे." शहर कधीच येऊन गावाला चिकटलंय, बसही शहराची येते, पण लोक भाजी आणायला निघाले तरी 'गावात जाऊन येतो' म्हणतात. खोली एका रात्रीला पन्नास पौंड, नाश्ता धरून. म्हणजे जवळपास तीनशे दिरहम. "म्हणजे रुपयांत..." अभयने सुरू केलं आणि मी त्याला थांबवलं. सुट्टीत काही गोष्टी कळू नयेत.

संध्याकाळी पायी हिंडलो. गावातली जुनी दगडी घरं काळी ठिक्कर आहेत. मला वाटलं मोठी आग लागली असणार. मग कळलं, पूर्वी इथे लोकरीच्या गिरण्या होत्या आणि त्यांच्या धुराने शंभर वर्षं घरांना काजळ घातलं. गिरणी गेली, काजळ राहिलं. गिरणीच्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. तिची उंच चिमणी मात्र तशीच ठेवलीय आणि पत्ता सांगताना सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिच्यामागे कालवा आहे. तिथे लाकडी दारं ढकलून, पाणी भरून होड्या चढावर नेतात. एक होडी वर चढायला इतका वेळ लागला की तेवढ्यात आम्ही दोन सँडविचं संपवली. हे बघणं फुकट आहे, जरूर बघा.

चौकात घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी आहे, त्यात आता पिवळी फुलं लावलीत. चर्चच्या आवारात बाक आहेत आणि प्रत्येकावर कुणातरी गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी: हिला इथे बसायला आवडायचं, ह्याला इथून मॅच बघायला आवडायची. समोर क्रिकेटचं मैदान आहे. ते इतकं उतरतं की एका बाजूला नुसता टोला लागला तरी चौकार जावा. मी एका मार्गारेटच्या बाकावर बसले आणि उगाच तिची परवानगी घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता, बारीक आणि चिकट. "चहा घेऊ, मग घरं बघू," अभय म्हणाला. चौकात मॉरीन नावाच्या बाईंचं चहाचं दुकान आहे, खिडकीला लेसचे पडदे. आता, जे यूएईत राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे कडक चहा प्यायला गाडीतून उतरत नाहीत. कॅफेटेरियासमोर थांबायचं, हॉर्न वाजवायचा, बोटांनी किती ते दाखवायचं. यल्ला, म्हणजे चल लवकर, की दोन मिनिटांत चहा खिडकीशी. अकरा वर्षं देरात, म्हणजे दुबईतल्या आमच्या भागात, हेच केलं.

अभयने लेसच्या पडद्यांसमोर गाडी थांबवली आणि दोनदा हॉर्न वाजवला.

दुकानातली सगळी डोकी एकदम वळली. समोरच्या खाटकाने सुरी खाली ठेवली. रुचा सीटच्या खाली सरकली. "मम्मा, टेल हिम टू ड्राइव्ह. प्लीज ड्राइव्ह!" तोवर मॉरीनबाई एप्रनसकट पावसात धावत आल्या होत्या. साठी उलटलेल्या, गोऱ्यापान, घाबरलेल्या.

"कुणाला बरं वाटत नाहीये का, लव्ह?" त्यांनी काचेतून विचारलं. (तिकडे अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात.)

अभयने सवयीने तीन बोटं वर केली. "थ्री टी."

मॉरीनबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मग बाईंना काय वाटलं कोण जाणे, आत गेल्या आणि खरंच ट्रे घेऊन आल्या. तीन कप, तीन बशा, साखरेचं भांडं, चिमटासुद्धा. सोबत एक आजोबा ट्रेवर छत्री धरून. चहा दीड पौंडाला एक होता. छत्रीचे पैसे लावले नाहीत.

त्यानंतर आम्ही गावात कुठेही गेलो तरी बातमी आधी पोचलेली. बेकरीवाली म्हणाली, "हॉर्नवाले तुम्हीच ना?" घर दाखवणारा एजंट म्हणाला, "इथून चहाच्या दुकानापर्यंत हॉर्न ऐकू जाणार नाही बरं का." आमच्या सदाशिव पेठेतसुद्धा लोक इतक्या चौकशा करत नाहीत. मुद्दा माझ्या बाजूचा होता, मी तो लगेच उचलला. "बघ," मी अभयला म्हटलं, "इथे शिंकलं तरी वर्तमानपत्रात येईल."

निघायच्या सकाळी मॉरीनबाईंकडे गेलो, उतरून, दारातून. कपात चहा ओततानाच त्या थांबल्या. समोरच्या घराचा वरचा पडदा अजून बंद होता. "आर्थर नऊच्या आत पडदा उघडतो," म्हणाल्या, किटली ठेवली, रस्ता ओलांडला आणि दार ठोठावत राहिल्या. शेवटी विस्कटलेल्या केसांचा एक म्हातारा खिडकीतून खेकसला. झोप लागली होती, दुसरं काही नाही. बाई समाधानाने परत आल्या आणि आमचा राहिलेला चहा ओतला.

"नसत्या उठाठेवी," मी मराठीत म्हटलं.

परत देरात आलो. समोरच्या फ्लॅटमधल्या स्मिताकडे मी झाडांसाठी किल्ली ठेवून गेले होते. आठ वर्षांपासूनची शेजारीण, माझ्या प्रत्येक आजारपणात डबा देणारी. तिची सानिका आणि आमची रुचा एका वर्गात. रुचा बॅगा टाकून जिन्याने वर पळाली. खाली वॉचमनने माझी किल्ली माझ्या हातात दिली.

"मॅडम, वो लोग तो गये. परसों. बोला छुट्टी है. लेकिन गाडी उधर एअरपोर्ट पे छोड दिया, फोन भी बंद."

त्या वर्षी ह्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. नोकरी गेली, कर्जाचा हप्ता चुकणार, पुढे पोलीस. लोक दोन बॅगा घेऊन सुट्टीला म्हणून जायचे आणि यायचे नाहीत. पण स्मिता? मला न सांगता?

घरात बाल्कनीतल्या कुंड्या जागेवर नव्हत्या. स्मिताने त्या बाथरूममध्ये आणून माझ्याच मोठ्या परातीत, पाणी भरून ठेवल्या होत्या. तुळस टवटवीत होती. पुन्हा पाणी घालायला आपण नसणार, हे तिला माहीत होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

अभय दारात उभा राहिला. विचारायची त्याची हिंमत होत नव्हती, म्हणून मीच म्हटलं, "कळव लीड्सला. येतो म्हणावं."

"अगं, पण तिथे लोक फार चौकशा..."

"करू देत," मी म्हटलं. "मला आता अशा ठिकाणी राहायचंय, जिथून जाताना सांगून जाता येईल."

बाहेर रुचा अजून समोरची बेल वाजवत होती. तिला सांगायला मी उठले.