बेटावर आत्याची पिशवी उपडी केली

"गुडघे चालत्यात तवर समुद्र बघून घेते," असं आत्या म्हणाली आणि आम्ही दोघी निघालो. आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. उभी हयात येरमाळ्याच्या अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेली. जायचं ठरलं अंदमानातल्या एका बेटावर, राष्ट्रीय उद्यानात. बेटाचं नाव लिहीत नाही. राग माझा माणसांवर आहे, बेटावर नाही.

येरमाळ्याहून एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वेनं हैदराबाद, पुढं विमान. तिकिटं लवकर काढा, नाहीतर खिसा रिकामा होतो. उद्यानाचा परवाना आधीच घ्या. बेटावर प्लास्टिक चालत नाही आणि खायला काही मिळत नाही, म्हणून आम्ही कडक भाकरी अन् शेंगाची चटणी फडक्यात बांधून नेली.

बेटाकडं जाताना सहल कंपनीच्या बोटीतून डॉल्फिन दिसले तेव्हा आत्यानं हात जोडले. काचेच्या तळाच्या नावेतून पोवळी, निळे मासे, एक म्हातारं कासव बघताना म्हणाली, "खाली लई मोठं गाव हाय की गं." मीही तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं. नाकात खारट पाणी गेलं, पण तुम्ही गेलात तर हे सोडू नका.

बाहेर आले तर आत्या किनाऱ्यावर पोवळ्याचे वाळके पांढरे खडे वेचत होती. आमच्याकडं येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत माणसं चुनखडीचे खडे वेचून एका जागी टाकतात. जन्माची सवय, हात आपोआप खाली गेला. तिनं ते तिथंच वाळूवर ठेवले, ओंजळभर ढीग केला आणि नमस्कार केला. पिशवीत कणही टाकला नव्हता.

तेवढ्यात आमच्या सहल कंपनीचा गाइड धावत आला. "माताजी, चोरी करती हो?" म्हणाला आणि मी पोचायच्या आत त्यानं सगळ्यांसमोर तिची पिशवी वाळूत उपडी केली. भाकरीचं फडकं, बीपीच्या गोळ्या, बदलायचं लुगडं. खडा एकही निघाला नाही. "इथलं काही न्यायचं नाही, नियम आहे," एवढं हिंदीत सांगून तो वळला. माफीचं नाव नाही.

नियम चांगलाच आहे हो. पण आमच्याच बोटीतली चार टगी पोरं त्या वेळी जिवंत पोवळ्यावर उभी राहून फोटो काढत होती, आणि थोड्या वेळापूर्वी हाच बाबा त्यांचा कॅमेरा धरून उभा होता. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, वो प्रीमियम पॅकेजवाले हैं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बळी तो कान पिळी, दुसरं काय. मी तावातावानं भांडले.

"ऱ्हाऊ दे गं," आत्या गोळ्यांवरची वाळू पुसत म्हणाली. "त्याला काय ठावं आपली रीत."

कंपनीकडं लेखी तक्रार केली. उत्तर आलं, गैरसोयीबद्दल खेद आहे. गैरसोय म्हणे. एका म्हातारीला चारचौघांत चोर ठरवलं, त्याला हे गैरसोय म्हणतात.

घरी येऊन बरेच दिवस झाले. शेजारणींना आत्या डॉल्फिन सांगते, कासव सांगते, झडतीचं अवाक्षर काढत नाही. मला वाटलं, विसरली असेल. परवा तिच्यासोबत किराणा दुकानात गेले. दुकानदार तिच्याच अंगणवाडीत वाढलेला. सामान घेऊन निघताना आत्यानं आपणहून पिशवीचं तोंड उघडलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"बाई, हे काय करायलात?" तो गडबडला.

"आत्ताच बघून घे बाबा," आत्या म्हणाली. "मागनं नगं."