उजवी कळी, डावी कळी

गुरवाने पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या पाषाणावर चिकटवल्या. उजवी पडली तर माझं ऑपरेशन, डावी पडली तर गोळ्या. हा कौल लावायला सांगितला माझ्या मुलाने, सुरेशने. शहरात इंजिनियर आहे तो. वाऱ्याने कळी पडायला नको म्हणून त्याने देवळातला पंखासुद्धा बंद करायला लावला.

माझ्या लिव्हरला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाला, गाठ कापून काढू, पण या वयात टेबलावरून उठाल याची खात्री नाही. गोळ्यांनी गाठ थोपेल, जाणार नाही. तुम्हीच ठरवा. एवढा शिकलेला माणूस, पण पुढचं त्यालाही दिसत नाही.

मी चौथीत शाळा सोडली. शेत, लग्न, घर, कशालाच कधी कौल लावला नाही. ज्याला स्वतःचं डोकं नाही त्याने देवाला विचारावं, असं म्हणायचो. आणि आता त्या कळ्यांवरून माझी नजर हलेना. पाणी सुकत चाललं तसा मी पुढे सरकत गेलो. बोटाच्या पेराएवढी कळी, आणि माणसाचा सगळा जीव तिला चिकटून बसतो.

"अजून काय नाय?" सुरेशने विचारलं.

"वायच थांब," गुरव म्हणाला. "देवीक पण इचार करूक होयो."

सुरेश माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बाबा, तुमका काय वाटता? तुम्ही सांगाल ता करूया."

मी त्याचा हात घट्ट धरला.

"गप रव," मी म्हटलं. "आधी कळी पडांदे."