धाकटीचे तळवे

शुगरचा मला आता कंटाळा आला आहे. गोळ्यांचा नाही, त्या तोंडात टाकल्या की झालं. कंटाळा येतो तो रोज स्वतःवर पाळत ठेवण्याचा. लग्नाच्या पंगतीत वाढणारा बुंदी घेऊन आला की माझ्याआधी शेजारचीच बोलते, "त्यायले नको वाढू, शुगर हाये." जणू माझं तोंडही तिनंच सांभाळायला घेतलंय.

अल्लीपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात आम्ही शुगरवाले दर मंगळवारी समाजमंदिरात जमतो. सुरुवातीला एक नर्सबाई यायच्या. त्यांची बदली झाली, आम्ही जमतच राहिलो. कोणी काय खाल्लं, कोणाची गोळी चुकली, हेच बोलणं. एकमेकांना रागवायलाच जमतो म्हणा ना. उठण्याआधी जोडीजोडीनं एकमेकांचे तळवे बघायचे, हा नर्सबाईंनी लावलेला नेम. शुगरनं तळवे सुन्न होतात, काटा रुतला तरी कळत नाही, आणि आमच्या गुडघ्यांना स्वतःचा तळवा बघण्याइतकं वाकणं जमत नाही.

माझी जोडी धाकट्या जावेशी. दोघींचे वांग्या-पालकाचे वाफे एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. ती माझे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघायची. तिची पाळी आली की मात्र पाय साडीखाली ओढून घ्यायची.

"तुमी मोठ्या जाऊ. तुमच्या हातात पाय देऊ का? पाप लागन मले."

"अवं, इथं कोणी लहान-मोठं नाई. सारे शुगरवाले."

ऐकेल तर शपथ! बाकीचेही तिचीच बाजू घेत, "राहू द्या ना, नाई म्हणते तं." दुसरी जोडी लावून द्यावी, तर गटात तिच्यापेक्षा लहान कोणीच नाही. घरी नवऱ्यानं बायकोचा पाय हातात घ्यायचा, हे तर बोलायचीही सोय नव्हती. म्हणजे अख्ख्या गावात तिचे तळवे बघणारं कोणी नव्हतं.

या हिवाळ्यात एका मंगळवारी ती आत आली तर फरशीवर तिच्या एकाच पावलाचे ओले ठसे उमटत आले. वाफ्याला पाणी देऊन आली असेल, असं वाटलं. पण पाणी वाळतं. हे चिकट होतं.

"पाय दे," मी म्हटलं.

"चिखल असन बाई. मले तं दुखतही नाई."

"दुखत नाई म्हणूनच पाह्यचा हाये. काऊन लपवून राह्यली?"

तिनं पाय आणखी आत ओढला आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचा सगळा शीण तिच्यावरच निघाला. सगळ्यांदेखत ओरडले, "थकली मी आता! तुह्या पाया पडू का?" आणि खरंच वाकले. मोठ्या जावेनं पाया पडायचं म्हणजे तर त्याहून मोठं पाप. तिनं घाबरून पाय पुढे केला.

टाचेजवळ बाभळीचा काटा मोडून आत बसला होता, भोवतीचं मांस काळं पडलेलं. किती दिवसांचा, तिलाही ठाऊक नव्हतं. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जखम वर सरकली तर पाय कापावा लागेल. काळं मांस काढून त्यांनी तिला घरी पाठवलं आणि वाट बघायला सांगितलं.

पट्टी रोज सकाळी मीच बदलायची. माझी कंबर धरलेली, माझी शुगर वर गेलेली, आणि मांडीवर तिचा पाय. पट्टी होईपर्यंत ती डोळे मिटून बसायची, मग वाकून माझ्या पायाला हात लावून माफी मागायची. रोज. मला वैताग यायचा आणि भीतीही वाटायची. जखम बरी झाली की ही पुन्हा पाय साडीखाली घेणार, आणि पुढचा काटा कोणालाच दिसणार नाही.

परवा पट्टी सोडली तर आत कोरडी, गुलाबी कातडी दिसली. पाय वाचला होता. मी तिला तसं सांगितलं. ती वांग्याचा भाव पडल्याचं बोलू लागली. बोलता बोलता नमस्कार करायचा विसरली आणि दुसरा पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला.

"हाही पाहून घ्या बाई," ती म्हणाली, "याचंही मले काई समजत नाई."

मला रडूच आलं. डोळे पुसल्याशिवाय तळवा नीट दिसेना.