नुसतं ‘हो’ चालत नाही

रिटायर झालेले आम्ही तिघं-चौघं पारनेरच्या स्टँडसमोर चहाला बसलो, की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो आणि चहा गार होतो. फौजेत माझं काम म्हणजे आभाळातलं ट्रॅफिक! पुढं रणगाडे नि पायदळ भिडलेलं, मागून तोफा चालू, वरून मदतीला हेलिकॉप्टर. आपलाच गोळा आपल्याच हेलिकॉप्टरला लागू नये म्हणून कुणी कधी थांबायचं, ते आम्ही रेडिओवरून सांगायचो.

नियम एकच. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं. ‘तोफा बंद’ म्हटलं, की तोफा थांबवून समोरच्यानं ‘तोफा बंद’ म्हणायचं. नुसतं ‘हो’ चालत नाही.

*

ही सवय घरापर्यंत जाते बरं का! आमचा हवालदार शेख, नगरचाच. सुट्टीत भाभी म्हणाल्या, “येताना कोथिंबीर आना.”

हा ताडकन उभा! “येताना कोथिंबीर, ओव्हर!”

भाभी म्हणाल्या, “विसरलात तर जेवन बंद, ओव्हर!”

*

शिकवायला आम्ही वाळूच्या नकाशावर लोकर ताणायचो. लाल लोकर गोळ्यांची वाट, निळी हेलिकॉप्टरची. एकदा मोठे साहेब बघायला आले, तर निळ्या लोकरीवर ओले मोजे!

“हे काय?”

शेख म्हणाला, “साहेब, ही वाट सध्या बिझी हाय!”

*

सरावात एकदा पायलट ओरडला, “समोर घारी आहेत, काय करू?”

शेखनं शांतपणे सांगितलं, “सर, त्यांच्याकडं रेडिओ न्हाई. तुमीच वळा!”

*

आता मॅडमचा ऐका. आमच्या कॅप्टन मॅडम पहिल्या परीक्षेत नापास झालेल्या, का तर वेळ लावला. ही शेवटची संधी. हुकली असती तर हे काम कायमचं सुटलं असतं. नगरजवळची गोळीबाराची रेंज, मागं खुर्चीत परीक्षक कर्नलसाहेब, हातात घड्याळ.

“सगळ्या तोफा बंद!” मॅडमनी सांगितलं.

तोफांच्या एकेका ठाण्यावरून आलं, “तोफा बंद.” शेवटच्या ठाण्यावरून आलं, “हो मॅडम.”

हेलिकॉप्टर टेकडीआड तयार. शेख कुजबुजला, “मॅडम, म्हनला की हो! सोडा आता, टाइम चाललाय!”

“हो म्हणजे काय?” मॅडमनी हेलिकॉप्टर तिथंच थांबवलं आणि त्या ठाण्याला पुन्हा विचारलं.

उत्तराआधी गोळाच आला. हेलिकॉप्टर जिथून जाणार होतं, बरोबर तिथून! गड्यानं आधी ‘हो’ म्हटलं होतं आणि मग तोफ थांबवायला पळाला होता.

 दोन पायलट त्या दिवशी घरी जेवले ते मॅडममुळं, दुसरं काही नाही.

मग तोफा खरंच बंद झाल्या, हेलिकॉप्टर गेलं, काम फत्ते झालं. पण वेळ केव्हाच संपली होती. कर्नलसाहेब उठले. मॅडमचा चेहरा एवढासा झाला. साहेबांनी त्यांच्या हातातला माइक घेतला.

“सगळ्या ठाण्यांना. कॅप्टन मॅडम पास.”

 मग एकेक ठाणं बोलू लागलं, “कॅप्टन मॅडम पास!” “कॅप्टन मॅडम पास!”

सगळ्यात शेवटी तो ‘हो’वाला, बेंबीच्या देठापासून,

“कॅप्टन मॅडम पास! ओव्हर!”