आत्याच्या पाठीखालचं पान

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी परसात केळीची पानं कापत होते. बाबा मुंबईला दवाखान्यात तिच्यापाशी होते आणि पानं घेऊन मी निघणार होते. आळीत फोन फक्त शेजारच्या प्रधानकाकूंकडे. त्या कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांचा फोन होता... आता पानं नको कापूस." आत्याचा आजार वाढल्यापासून त्यांनी ते कुंपण ओलांडलं नव्हतं. त्या सकाळीही ओलांडलं नाही. याला आता दीड महिना होईल.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बैठ्या घरातच राहिली. संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये शिलाईच्या कारखान्यांतल्या बायकांचा वर्ग घ्यायची आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायची. पाणी उकळून का प्यावं, अंगात येणं म्हणजे काय, मजुरीची पावती का मागावी... मला अक्षरओळख झाली ती सायक्लोस्टाइलच्या त्या ओल्या कागदांवर. बोटं काळी व्हायची. पत्रकात एकही शब्द असा नको की जो वाचून एखाद्या बाईला मान खाली घालावी लागेल, हा तिचा नियम होता. तो मी पुष्कळदा मोडला आणि दरवेळी तिने खोडलेला मजकूर मला नव्याने लिहावा लागला.

आजार तोंडातून सुरू झाला. गालाच्या आतून, टाळूला फोड यायचे, फुटायचे, तिथे लाल मांस उघडं पडायचं. सगळ्यांचं एकच मत, उष्णता. महिनोन्‌महिने गुलकंद झाला, सब्जा झाला, दूध-तूप झालं. मग फोड छातीवर उतरले, पाठीवर गेले. काकू तेव्हा अजून घरात येत होत्या. "नागीण आहे ही," त्या आईला म्हणाल्या, "हिच्या तोंडाला शेपूट मिळू देऊ नका. फोडांवर लाल मातीची काव लावा." आत्या कशीबशी हसली. "अहो, या नागिणीला तोंडंच वीस आहेत, शेपूट कुठली शोधताय?"

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या पाठीवर, जिथे कातडी अगदी चांगली दिसत होती तिथे, बोट टेकवून जरा सरकवलं. बोटाबरोबर कातडी सरकली. मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेला जंतू ओळखतात. काही इशारा देतात, काही त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतात. आत्याच्या शरीरात ही ओळखच चुकली होती. प्रतिद्रव्यं तिच्याच कातडीवर चालून जात होती. कातडीच्या पेशी जिथे एकमेकींना धरून असतात ती पकड सुटत होती आणि मधल्या फटीत पाणी भरत होतं. तोच फोड. हे कुणाकडून येत नाही आणि कुणाला जात नाही. औषध एकच, स्टिरॉइड, म्हणजे त्या पेशींनाच दाबून ठेवायचं. "पण मग खरे जंतू आले तर?" आत्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "तीच भीती आहे."

आत्याचा चेहरा सुजून गोल झाला. अंगाला चादर चिकटायची, ओढली की कातडी घेऊन यायची. तेव्हा परसातली केळ कामाला आली. पान धुवायचं, चुलीवर धरून मऊ करायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि तिला त्यावर निजवायचं. तिच्या पाठीला न चिकटणारी जगात ती एकच गोष्ट उरली होती.

तशा अवस्थेतही ती वर्गाला जायला निघाली. शेअर रिक्षात मानेवरचे फोड बघून रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, आप उतर जाओ, पॅसेंजर लोग बोल रहे हैं." ती उतरली. घरी येऊन मला म्हणाली, "कागद घे." पत्रकाचं नाव ठेवलं 'हे फोड लागत नाहीत'. ती पाठीखाली पान घेऊन पडल्या पडल्या तुटक बोलायची, मी लिहायची. एका जागी मी 'फितूर पेशी' असं लिहिलं. मला ते फार जोरदार वाटलं होतं.

"फितूर काढ," ती म्हणाली.

"का? घरातल्याच माणसांवर उलटल्यात ना?"

"फितुराला माहीत असतं आपण काय करतोय ते. या बिचाऱ्या पहारा देतायत. फक्त आपलं कोण ते कळेना झालंय त्यांना." मग डोळे मिटून म्हणाली, "आपल्या आळीसारखंच."

पत्रक मी घरोघर वाटलं. काकूंनी कुंपणाशी उभं राहून ते पुरतं वाचलं. "छान लिहिलंय हो. पण माझ्या घरात नातवंडं आहेत ना बाई..." दरवर्षी गणपतीच्या नैवेद्याला त्या पानं आमच्याच केळीची न्यायच्या. त्या वर्षी बाजारातून आणली. आत्या म्हणाली, "केळसुद्धा वाळीत टाकली म्हणायची." हसताना तिच्या ओठातून रक्त आलं.

शेवटी जंतूंनीच नेलं तिला. दाबून ठेवलेला पहारा, जागोजागी उघडी कातडी... आणखी काय होणार होतं? पण रिक्षा, कुंपण आणि नैवेद्याची पानं हा काही तिचा आजार नव्हता. तो आपला आहे, आणि तो मात्र लागतो. हे मी लिहिणारच.

दिवसवार करू नका, परसातल्या केळीच्या पानांवर चार माणसं जेवू घाला, एवढंच तिने सांगून ठेवलं होतं. मी आळीभर बोलावणं केलं. कॅम्प तीनच्या वर्गातल्या दोघी आल्या, पानांवर बसल्या, जेवल्या. आळीतून कुणी आलं नाही. फार उशिरा प्रधानकाकू कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या. डोळे रडून लाल झाले होते. पदराखालून त्यांनी स्टीलचं ताट काढलं. "माझं ताट आणलंय मी. उगीच तुला पान कशाला..."

अख्खं पत्रक माझ्या घशाशी आलं. मग 'फितूर काढ' आठवलं. मी ताटात भात वाढला. ताट त्यांनी मांडीवरच धरलं, पुढ्यातल्या पानावर टेकवलं नाही.

सगळे गेल्यावर ते कोरं पान मी उचललं. धुतलं, चुलीवर धरलं, तेलाचा हात फिरवला आणि आत्याच्या खाटेवर पसरलं. दिवे लागेपर्यंत त्याच्या कडा आत वळल्या होत्या.