पाण्याच्या ट्रॉलीवर रोम आणि कार्थेज

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. उस्मानाबादचे खेटे संपले म्हणून आम्ही खुशीत होतो, पण नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात दुष्काळ पडला. कलेक्टर आले, कचेरी आली, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. अशात महाराष्ट्र दिनाच्या मिरवणुकीत शाळाशाळांनी चित्ररथ काढावेत असा हुकूम निघाला. मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात घातला, कारण मी इतिहास शिकवायचो आणि मला कुणाला नाही म्हणता यायचं नाही.

बाकीच्या शाळा किल्ले करणार हे उघड होतं. मला वेगळेपणाची खाज. मी ठरवलं, इसवी सनापूर्वी दोनशे सात हे एकच वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षी जगात कुठं काय चाललं होतं ते चार कोपऱ्यांत दाखवायचं. एका कोपऱ्यात इटलीत अडकलेला कार्थेजचा सेनापती. तो मदतीला येणाऱ्या भावाची वाट बघत होता, आणि रोमन लोकांनी त्या भावाचं मुंडकंच त्याच्या छावणीत आणून टाकलं. दुसऱ्यात ते रोमन. तिसऱ्यात चीनचा बादशहा आणि त्याचा प्रधान; या प्रधानानं भर दरबारात हरीण आणून ‘हा घोडा आहे’ म्हटलं आणि कोण कोण मान डोलावतो ते बघून घेतलं. चौथ्यात मगध. त्या वर्षी मगधात नक्की काय झालं ते मला कुठं सापडलं नाही, म्हणून तिथं नुसतं सिंहासन ठेवलं.

परीक्षा संपून पोरं गावोगाव पांगली होती. म्हणून शिक्षकच नटले. ड्रिलचे सर रोम, विज्ञानाचे सर कार्थेज, चित्रकलेचे सर चीनचे बादशहा. प्रधान मी. हरीण म्हणून डोक्याला बाभळीच्या फांद्या बांधलेली एक शेळी होती, आणि ती घोडा आहे असं मानायला ती सोडून सगळे तयार होते.

घोळ एवढाच होता की त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या अक्षता होत्या. बापामाघारी लग्न मीच करत होतो. गल्लीतला बोअर कधीच आटला होता. लग्नाचं पाणी औसा रोडच्या एका विहिरीवरून आणायचं होतं आणि ते आणणार होता माझा चुलतभाऊ, त्याच्या ट्रॅक्टरनं. चित्ररथाला ट्रॉली त्याचीच. त्यानं पाण्याचे रिकामे ड्रम ट्रॉलीत आदल्या दिवशीच बांधून ठेवले होते. चित्रकलेच्या सरांनी त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर सगळं प्राचीन जग उभं केलं.

“दादा, धा वाजता मोकळं करा बरं का,” चुलतभाऊ म्हणाला. “तुमचं ते रोम-बिम उतरवून मला हिरीवर जायाचंय.”

“दहाच्या आत संपतंय,” मी म्हणालो. मला मुख्याध्यापकांनी तसंच सांगितलं होतं.

दहा वाजले, अकरा वाजले. पाहुणे यायचे होते. कोण पाहुणे ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण ते आल्याशिवाय मिरवणूक हलणार नव्हती. पुढं बँडवाले बाजा उशाला घेऊन आडवे झाले होते. उन्हानं कार्थेजची दाढी ओघळली. रोमच्या पत्र्याच्या चिलखताला हात लावला तर चटका बसत होता. शेळीनं मगधाच्या सिंहासनाची गादी खायला घेतली. बादशहा मला हळूच म्हणाले, “प्रधानजी, त्या वर्षी माझं पुढं काय होतं?”

“तुम्हाला मरायला लावतात. मीच लावतो.”

“मग लवकर लावा. ऊन लई झालंय.”

बाराच्या सुमाराला गर्दीतून बायको येताना दिसली. अंगावर नवं लुगडं, पायात चप्पल नाही. ती ट्रॉलीखाली उभी राहिली आणि रोम-कार्थेजसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, मुखेडचं वऱ्हाड आलं. ट्रक उभा हाय दारात. इवाई पाय धुवायला पाणी मागायलेत. घरात पाणी किती हाय सांगू? देवापुढचा तांब्या हाय!”

“पाहुणे येतीलच आता…”

“पाहुणे आलेत म्हणूनच तर सांगायले! ती पोरगी हळदीच्या अंगानं बसलीया, मला इचारतीया, वहिनी, ते माघारी तर जाणार न्हाईत ना? काय सांगू तिला? तुमचा दादा चीनला गेलाय?”

मला अजूनही मुख्याध्यापकांचं भ्याव वाटत होतं. खरं सांगायचं तर बक्षिसाचाही थोडा मोह होता. पण चुलतभाऊ माझ्या तोंडाकडे न बघताच ट्रॅक्टरवर चढला होता, आणि ड्रिलचे सर खाली उडी मारून पुढच्या गाडीला ढकलून वाट करत होते. हवालदार काठी आपटत आला.

“ओळ मोडायची न्हाई! साहेबाचा हुकूम हाय.”

“पोरीचं लग्न हाय, भाऊ,” बायको म्हणाली. “मांडवात थेंब न्हाई.”

हवालदारानं आमच्याकडे पाहिलं. रोम, कार्थेज, चीनचा बादशहा, शिंगाची शेळी. त्याच्याही ओठांवर पापुद्रे धरले होते. “मला तर हितं कुणी दिसंना बुवा,” असं म्हणून तो बँडवाल्यांना उठवायला गेला.

विहिरीवर वीज नव्हती. फळ्या उपसून फेकल्या, मगध बांधावर गेलं. रोम आणि कार्थेजनं आळीपाळीनं दोर ओढला, बादशहा ड्रमात बादल्या ओतत राहिले. तळ दिसेपर्यंत शेंदलं. माझ्या हातांची सालं निघाली. खडूखेरीज दुसरं काही त्यांनी कधी फारसं उचललं नव्हतं.

मांडवात पोचलो तेव्हा व्याही दारातच उभे होते. धुळीनं भरलेल्या पायांनी ते चार तास तसेच थांबले होते.

“ही कोण मंडळी?” त्यांनी विचारलं.

“इसवी सनापूर्वी…” मी सुरू केलं.

“पाणी वाढणारी हायेत,” बायको म्हणाली, आणि तिनं पहिली घागर त्यांच्या पायांवर ओतली.

अक्षता वेळेवर पडल्या. पंगतीला चिलखत घालून वाढणारे ड्रिलचे सर मुखेडच्या पोरांना फार आवडले. आमच्या चित्ररथाची चौकशी शाळेत पुढं कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. भांडी, गादी, कपाट ट्रकमध्ये चढलं. व्याही मला जरा बाजूला घेऊन गेले. माणूस मानी होता.

“मास्तर, मागू नये ते मागायलो. ते एक ड्रम भरलेलं दिसतंय. आमच्याकडं आठ दिस झाले, टँकरचीच वाट बघायलोत.”

मी चुलतभावाला खूण केली. ड्रम चढवताना सगळ्यांनी हात लावला. झाकण नव्हतं म्हणून वर ओलं पोतं बांधलं. बहीण आधी रडत होती. मग ट्रकमध्ये चढून तिनं जागा शोधली आणि ड्रमाला पाठ लावून बसली.

“हळू घ्यायला सांग रे दादा डायव्हरला,” ती म्हणाली. “सांडंल.”