जगदेवीच्या नावावरची म्हैस

जगदेवीचं बूड एका जागी टेकत न्हाई, हे अख्ख्या वस्तीला ठावं. भूमच्या अलीकडं रस्त्याला लागून तिची खव्याची भट्टी. कढईत दूध उकळाया लागलं की उलथनं हलवता हलवताच ती दूधवाल्यांचं माप बघणार, जाळ सारणार आन् मधीच नवऱ्यावर खेकसणार. नवरा विरुपाक्ष तिच्या उलटा. एक कप चहाला त्याला निम्मी सकाळ पुरायची न्हाई.

औंदा मातर तिचा उजवा खांदा धरला. उलथनं उचललं की डोळ्यापुढं काजवे. डाक्टर म्हणला, घोटणं बंद करा, न्हाईतर हात कामातनं जाईल. हात गेला की भट्टी गेली. दूधवाले दुसऱ्या दिशी फुडच्या भट्टीवर क्यान उतरवतील. मंग तिनं मनानं घेतलं, कढई आपसूक घोटणारं मशीन आणायचं. कर्ज काढून.

बायांच्या गटाचे हप्ते घ्यायला फायनान्सचा रुद्रेश मारुतीच्या पारावर बसायचा. त्यानं मोबाइलात तिचं नाव टाकलं आन् मान हलवली.

“बसत न्हाय, मावशी. तुमच्या नावावर एक कर्ज चालू हाय की.”

“ते माजं कुठं—” जगदेवीनं जीभ चावली.

“नावावर हाय म्हंजी तुमचंच. घराच्या कमाईच्या निम्म्याच्या वर हप्ते जाऊ द्यायचे न्हाईत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम हाय. पयलं मिटवा, मंग दुसरं बघू. मुदतीआधी भरलं तर दंड बी न्हाय.”

ते कर्ज खरं तर धुरपताबाईचं. शेजारची म्हातारी, साठी ओलांडलेली. त्या वयाला कंपनी कर्ज देत न्हाई. म्हणून तिनं जगदेवीचं नाव मागितलं, शेजारणीकडं विरजण मागावं तसं. गटातल्या बायांत ही रीतच पडलेली; सही एकीची, पैसा दुसरीचा. त्या पैशाची म्हैस धुरपताबाईच्या दावणीला आली. हप्ता कधी चुकला न्हाई, दूध जगदेवीच्याच भट्टीवर. तवा कुणाला काय वावगं वाटलं न्हाई.

आता जगदेवी कुंपणापत्तुर जायची, माघारी यायची. भांडी घासलेली पुन्ना घासली.

“जाऊन सांग की एकदाचं,” विरुपाक्ष म्हणला.

“तुमी जावा.”

“नाव म्या दिलं व्हय?”

शेवटी गेलीच. धुरपताबाई शेण काढत होती.

“काकू, ते कर्ज मिटवाय येईल का?”

“का गं? हप्ता थकला माजा?”

“न्हाय, काकू.” जगदेवीनं सगळं सांगितलं.

म्हातारीनं पाटी खाली ठेवली. “म्हंजी म्हैस इकायची. तुज्या खांद्यापायी.”

“दुसरी वाट असली तर सांगा. म्या काय हौसेनं आले?”

“हौसेनं कोण येतंय. नाव देताना मातर हासत दिलं हुतंस.”

दुसऱ्या दिशी सकाळी म्हैस जगदेवीच्या अंगणात. धुरपताबाईनं दावं तिच्या हातात दिलं. “कागदावर तुजी हाय न्हवं? तूच इक. माज्यानं व्हायचं न्हाय.”

“मंग ठिवून घ्यावी,” विरुपाक्ष बसल्या जागंवरनं म्हणला. “घरची म्हैस झाली.”

“आन् कर्ज काय तुमी पिणार चहासंगट?”

बाजारच्या दिशी जगदेवीनं म्हातारीला ओढूनच नेलं. म्हशी घेणारा-इकणारा एक हेड्या फुडं आला. दात बघितले, कास दाबली, खांद्यावरचा टावेल काढून हातावर टाकला. या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टावेलाखाली बोटं दाबून ठरतो. बाईमाणसानं त्यात हात घातल्यावर चार बाप्ये बघत उभे ऱ्हायले. जगदेवीनं दुखरा हातच फुडं केला.

हेड्यानं बोटं दाबली. कर्ज मिटंल, एवढं. वर छदाम न्हाई.

“न्हाय.”

पुन्ना दाबली. जरा वर. जगदेवीच्या खांद्यातनं कळ मस्तकात गेली, पण तिनं हात काढला न्हाई. हेड्याच मागं सराया लागला.

“बाई, सोडा की आता.”

“सोडते. माज्या कर्जाचं झालं. ह्या काकूच्या वाट्याला काय, ते दाबा आधी.”

“काकू कोण मधीच?”

“म्हैस पाळलीय तिनं. तुमी न्हाय.”

बाप्ये हासले. हेड्याची बोटं घामेजली. टावेल हालत ऱ्हायला, आन् शेवटी थांबला.

कर्जाचा पैसा जगदेवीनं कमरेला खोचला, वरचा धुरपताबाईच्या वटीत घातला. म्हातारीनं म्हशीकडं वळून बघितलं न्हाई. एस्टीत दोघी एकाच बाकावर बसल्या.

“मशीन आलं तरी जाळ घालाया माणूस लागंल,” जगदेवी खिडकीकडं बघत म्हणली. “येता का?”

“रोज काय देशील?”

“दोनशे.”

“फुडच्या भट्टीवर अडीचशे देत्यात.”

“तिथं जावा मंग.”

“जाते की. भ्या हाय का कुणाचं?”

वस्तीचा फाटा आला. एस्टी पुरती थांबायच्या आत जगदेवीनं उडी घेतली. सांजचं दूध यायची येळ झाली होती. म्हातारी दांडा धरून एकेक पायरी उतरली आन् मागनं वरडली, “सव्वादोनशे! आन् दोन येळचा चा!”

जगदेवी निम्म्या वाटंला लागली होती. मागं न बघता तिनं हाळी दिली,

“एकाच येळचा!”